दादाचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. मावा कसा सोडवू?

मागवाल्याची_बहीण

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या थोरल्या भावाचा आहे. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट माहितीवर तुम्ही तरी काय सांगणार.

दादा एक्केचाळीस वर्षांचा. इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहे. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मावा खातो. आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगते: कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून दाबून मळायचं, की झाला मावा. टपरीवर तयार पुडी वीस रुपयांना मिळते. मागाच्या शेडमध्ये कापूस उडत असतो, विडी-काडी पेटवायची सोय नाही, म्हणून तिथले बहुतेक जण काहीतरी चघळतात. रातपाळीला पहाटे तीनच्या सुमाराला डोळा लागला, तुटलेला धागा दिसला नाही, की कापडात दोष जातो आणि मजुरी कापली जाते. मग झोप उडवायला मावा. कापसाची धूळ घशात उतरत नाही म्हणून मावा. आणि आता सवय म्हणून मावा.

गेल्या वर्षापासून त्याला तिखट सोसत नाही. तांबड्या रश्श्याशिवाय ज्याचा रविवार साजरा व्हायचा नाही, तो माणूस आमटीत पाणी ओतून खातो. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालत नाही, ताटात पूर्ण कुस्करतो. वहिनीला वाटायचं, दातांचं काहीतरी असेल. परवा मी माहेरी गेले होते तेव्हा त्याला शिट्टी वाजवायला सांगितलं, कारण लहानपणी तो गल्लीतून शिट्टी वाजवत यायचा. जमली नाही. गाल फुगवता येत नाहीत. मग उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं. माझी तीन बोटं माझ्या तोंडात उभी सहज जातात. त्याची दोनसुद्धा जात नाहीत. गालाचा आतला भाग गुलाबी नाही, पांढराफटक आहे. उजवीकडे, जिथे तो माव्याची गोळी धरून ठेवतो तिथे, एक जाडसर चट्टा आहे.

जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं होतं म्हणे. "तोंड आलंय" म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि लावायला मलम मिळालं. काय खातोस, हे कुणी विचारलं नाही आणि यानंही सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्ट. मी फार मागे लागले तेव्हा तो म्हणाला, "आगं, तंबाखू बंद केलीया मी. नुस्ती सुपारी नि चुना खातोय. सुपारी काय पूजेला बी ठेवत्यात. उगंच घाबरतीस." घरातले सगळे खूश झाले. आईनं तर देवाला नारळ फोडला. मला मात्र हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही.

पैशाचंही लिहिते. दिवसाला सहा-सात पुड्या, रातपाळीला जास्तच. म्हणजे वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास. आठवड्याचा पगार हातात आला की पहिल्यांदा टपरीची उधारी भागते, मग घरात पैसे येतात. थोरली पुतणी बारावीला आहे. तिच्या क्लासची अर्धी फी मी भरते, आनंदानं भरते, पण हिशेब डोळ्यांसमोर आला की जीव तुटतो.

वहिनीनं समजवावं म्हटलं तर ती स्वतः सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते. ती काही बोलली की दादा तिच्या डबीकडे बोट दाखवतो आणि विषय तिथेच संपतो.

मला विचारायचंय ते असं. हा कॅन्सर आहे का? नुसती सुपारी चालते का? कुणाला दाखवायचं आणि खर्च किती येईल? आणि जो माणूस बारा तास मशीनसमोर उभा असतो, त्याला हे सोडवायचं कसं? शपथा, आईची आण, मुलांची आण, सगळं करून झालंय.

दातांचा_डॉक्टर_सातारा

ताई, रुग्ण समोर नसताना निदान करता येत नाही. पण तिखट झोंबणं, गाल आतून पांढरे पडणं, शिट्टी न वाजणं, तोंड दोन बोटांवर येणं, हे सगळं एकत्र वाचल्यावर पहिला संशय येतो तो ओरल सबम्युकस फायब्रोसिसचा. आम्ही त्याला ओएसएमएफ म्हणतो. हा कॅन्सर नव्हे. मात्र ज्या आजारांतून पुढे तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, त्यांच्यातला हा एक आहे. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा झाला होता, त्यात ७.६ टक्के रुग्णांना पुढे कॅन्सर झाला. म्हणजे प्रत्येकाला होतोच असं नाही, पण डोळेझाक करण्याइतका कमीही नाही. आणि तुम्ही म्हणता तो जाडसर चट्टा मला वेगळा तपासावासा वाटतो. तो चट्टा हा या सगळ्यातला सर्वांत तातडीचा भाग समजा.

आता सुपारीचं. तुम्हाला पटत नव्हतं ते बरोबरच होतं. तोंड आखडण्याचा हा आजार मुळात सुपारीमुळेच होतो. सुपारीत अरेकोलीन नावाचं द्रव्य असतं. त्यामुळे गालाच्या आतल्या थरात कोलॅजेनचे तंतू वाढत जातात आणि जुने तंतू मोडून काढण्याचं शरीराचं काम मंदावतं. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की ताणली जाणारी मऊ त्वचा वाळलेल्या चामड्याच्या वादीसारखी होते. आम्ही गालाच्या आतून बोट फिरवतो तेव्हा हे उभे पट्टे हाताला लागतात. म्हणजे दादांनी तंबाखू काढली, ते चांगलंच केलं, पण ज्यामुळे तोंड बंद होत चाललंय ती वस्तू तशीच तोंडात ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. पूजेतली सुपारी ताम्हनात असते. दिवसाला सहा पुड्यांची सुपारी तासन् तास गालाला चिकटून असते.

तंबाखूचं काम वेगळं. तिच्यात नायट्रोसामाइन्स असतात, ती कॅन्सरला कारण होतात. आणि चुना मळला की मिश्रण अल्कधर्मी होतं, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या त्वचेतून पटकन रक्तात उतरतं. मळताना चुना कमी पडला तर "लागत नाही" असं खाणारे म्हणतात, त्याचं कारण हेच. सुपारी, तंबाखू आणि चुना तिन्ही एकत्र असल्यामुळे मावा, खर्रा, गुटखा हे साध्या तंबाखूपेक्षाही तोंडाचं जास्त वाटोळं करतात. आमच्याकडे पंचविशीतली पोरं येतात, ज्यांच्या तोंडात साधा आरसासुद्धा घालता येत नाही. दाढ किडलेली दिसते, पण तिथपर्यंत हत्यार पोचत नाही. भूल द्यायची म्हटली तर सुईला जागा नाही.

उपचार काय? पहिला उपचार सुपारी पूर्ण बंद. सुगंधी सुपारी, मुखवासातली सुपारी, पानातली सुपारी, सगळी. त्यानंतर तोंड उघडण्याचे व्यायाम. लाकडी पट्ट्या, आइस्क्रीमच्या काड्या असतात तशा, एकावर एक ठेवून दातांच्या मधे धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. गरज पडली तर गालात स्टेरॉइड आणि हायलुरोनिडेजची (पट्टे सैल करणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं देतात. तोंड फारच बंद झालं असेल तर शस्त्रक्रिया करून पट्टे कापतात, पण त्यानंतरही व्यायाम चुकवला किंवा सुपारी सुरू केली तर तोंड पुन्हा आखडतं. गेलेली लवचीकता सगळी परत येत नाही. आग कमी होते, काही मिलिमीटर तोंड उघडतं, आणि मुख्य म्हणजे आजार पुढे सरकायचा थांबू शकतो. दादांना खोटी आशा देऊ नका, पण "आता काय उपयोग" असंही म्हणू देऊ नका.

चट्ट्यासाठी बहुतेक तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी करतील. बायोप्सीनं कॅन्सर पसरतो, ही भीती आमच्याकडे फार आहे. तिच्यापायी लोक महिनोन्महिने घालवतात. पसरत नाही. निदान लवकर होतं एवढंच. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत लागलेली गाठ, कारण नसताना हलणारा दात, यातलं काहीही दिसलं तर मलम लावत बसायचं नाही.

सोडवायचं कसं, ते पुढच्या प्रतिसादात लिहितो. ओपीडी सुरू होतेय.

झाडीपट्टीतला

ताई, मी गडचिरोली जिल्ह्यातला. आमच्याकडे मावा नाही, खर्रा म्हणतात. वस्तू तीच. पाटीवर प्लॅस्टिक ठेवून घोटतात, पानठेल्यासमोर तो खर्र-खर्र आवाज दिवसभर चालू असते. मी शाळेत होतो तेव्हापासून खायचो. आता बंद आहे, बरीच वर्षं झाली.

डॉक्टरसाहेबांनी औषधाचं सांगितलं. मी खाणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. शपथ घालू नका. शपथेनं माणूस सोडत नाही, लपवते. घरी तोंड धुऊन येते, खिशात पुडी ठेवते, आणि शपथ मोडली म्हणून स्वतःचीच लाज वाटून अजून एक खाते. मी हे सगळं केलं आहे. त्यापेक्षा त्याला एवढंच विचारा, की दिवसातला कोणता खर्रा सोडणं सगळ्यात कठीण आहे. माझा सकाळचा होता. पोट साफ होत नसे त्याच्याशिवाय. तुमच्या दादाचा पहाटे तीनचा असेल असं मला वाटते. बाकीचे सुटतात, तो एक अडतो, आणि त्या एकापायी सगळे परत येतात. त्या एका वेळेची सोय आधी करा.

दुसरं, उधारी. ठेलेवाल्याकडे खातं असेपर्यंत सुटणं फार कठीण. खिशात पैसे नसले तरी पुडी मिळते नं! तुम्ही फी भरता, तसं एकदा जाऊन ती उधारी चुकती करा आणि टपरीवाल्याला दादाच्या समोर सांगा, की आता खातं बंद. माझ्या मोठ्या भावानं हेच केलं होतं. मला राग आला होता तेव्हा, पण रोज त्या ठेल्यासमोर थांबण्याचं कारण गेलं.

तिसरं, एकट्यानं करू नका. आमच्या जिल्ह्यात २०१६ पासून 'सर्च' संस्थेचं मुक्तिपथ नावाचं काम चालू आहे, दारू आणि तंबाखू दोन्हीसाठी, गावाला सोबत घेऊन. मला त्यातून एक गोष्ट उमगली. गावातले चार जण एकाच वेळी सोडत असले की "घे रे एक" म्हणणारा कमी होते. दादाच्या पाळीत अजून कोणाचं तोंड आखडलं असेलच. त्यालाही सोबत घ्या. दोघं एका शेडमध्ये असले तर पहाटे तीनला एकमेकाला चहा पाजतील.

आशाताई_जुन्नर

मी आशा सेविका आहे. वरचं सगळं वाचलं, पण माझं मन वहिनीपाशी अडकलं, म्हणून लिहिते.

आमच्या पट्ट्यात बाया तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात, कुटून बारीक करतात आणि बोटानं दातांना लावतात. तिला तंबाखू कुणी म्हणतच नाही. नोंदवहीत "तंबाखू खाता का?" असं विचारलं की सरळ "नाही" म्हणतात. "मशेरी लावता का?" विचारलं की "लावते की, दोनदा". म्हणून मी आता दुसराच प्रश्न विचारते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के बाया तंबाखू वापरत होत्या, आणि आमच्या कामातून सांगते, यात सिगारेट ओढणारी मला एकही भेटलेली नाही.

सुरुवात बहुतेकींची दात दुखला म्हणून होते. सासू म्हणते, लाव जरा, कळ थांबेल. कळ थांबते, पण मशेरी राहते. हिरड्या मागे सरकतात, दातांची मुळं उघडी पडतात, मग परत दुखतं, मग परत मशेरी. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. हे मी माझ्या वाडीत तराजूवर बघितलंय.

तर ताई, दादाला समजवायला वहिनीला वापरू नका. आधी वहिनीची सोडवा, निदान दोघांची एकदमच सुरू करा. नवरा डबीकडे बोट दाखवतो, तेव्हा तो अगदी चुकीचं बोलत नाही. तिलाही कुणीतरी प्रेमानं विचारायला हवं. तिच्या तोंडात कुणी बघितलंय का आजपर्यंत? दोघांना एकाच दिवशी तपासायला न्या.

आणि "मशेरीशिवाय पोट साफ होत नाही" हे ती म्हणेलच. ते खोटं नसतं. निकोटीननं आतडी हलतात, ती सवय मोडली की काही दिवस बद्धकोष्ठ होतो. सकाळी उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, ताक, आणि लागलं तर रात्री इसबगोल. थोड्या दिवसांत आपोआप बसतं. एवढं आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी बाई डबी शोधते.

दातांचा_डॉक्टर_सातारा

आशाताई, मशेरीचा प्रश्न वेगळा विचारण्याचं तुमचं तंत्र मी उद्यापासून वापरतो.

आता सोडण्याबद्दल. निकोटीनची ओढ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच उतरते. चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं, भूक वाढणं हे सगळं त्यात आलं. म्हणून सुरुवात दिवसपाळीच्या आठवड्यात करा. रातपाळीच्या पहिल्या दिवशी सुरू केलं तर त्याच रात्री पुडी फुटणार.

औषधाच्या दुकानात निकोटीनचा गम मिळतो, पण ज्याचं तोंडच उघडत नाही, गाल जळतो, त्याला गम चघळायला सांगणं मला योग्य वाटत नाही. अशांना बहुधा कातडीवर चिकटवायचा पॅच बरा. त्याची मात्रा डॉक्टर ठरवतील. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा. गोळ्याही आहेत, ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन, पण त्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत. वहिनींना मात्र गम चालू शकेल. तो च्युइंगगमसारखा सारखा चघळायचा नसतो. थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्यायचा, मग परत थोडा. आणि गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. "गमनं काही होत नाही" म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक तो चहाबरोबर खातात, असा माझा अनुभव.

१८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत नंबर आहे. सिगारेट, विडी, तंबाखूच्या पाकिटांवर २०१८ पासून छापतात. माव्याच्या पुडीवर काहीच छापलेलं नसतं, ना नंबर, ना ते ८५ टक्के जागेवरचं चित्र. त्यामुळे मावा खाणाऱ्याला इशारा कधी दिसतच नाही. नंबर दादांच्या फोनमध्ये तुम्हीच साठवून द्या.

मागवाल्याची_बहीण

सगळ्यांचे मनापासून आभार. झाडीपट्टीतल्या दादांनी विचारायला सांगितलं तसं मी फोनवर विचारलं. पहाटेचाच निघाला, पण तीनचा नाही, साडेपाचचा, सायकलवरून घरी येताना. म्हणाला, "त्यो खाल्ल्याबिगर पाळी संपली आसं वाटत न्हाई." एवढी वर्षं आम्ही त्याला ओरडलो, पण हे कधी विचारलं नव्हतं.

सुपारीचं सांगितल्यावर मात्र तो गप्प झाला. मग म्हणाला, "एवढं वाईट हाय तर सरकारनं बंद का केलं न्हाई? कर खातंय की सरकार." याला काय उत्तर देऊ? आणि खर्चाचं अजून कुणी लिहिलं नाही. पुढच्या सुट्टीला तपासायला येतो म्हणालाय, वहिनीसुद्धा येतेय, पण त्याची खरी भीती पैशाची आहे. "काय निघालं तर घर इकावं लागंल," असं म्हणतो.

पंढरपूरकर_दाजी

ताई, खर्चाचं मी लिहितो. माझ्या मेहुण्याला गालाचा कॅन्सर झाला होता. तंबाखू-चुना, दुसरं काही व्यसन नाही. जखम होती, पण आठ महिने तोंडाला मलम लावत बसला.

तुमच्या दादांना सांगा, घर विकायची वेळ तपासणीमुळे येत नाही, उशिरामुळे येते. चट्टा असताना पकडलं तर तुकडा काढणं, तपासणं, जास्तीत जास्त छोटी शस्त्रक्रिया. आमच्याकडे उशीर झाला, त्यामुळे जबड्याचा भाग काढावा लागला, छातीचं मांस घेऊन गाल भरला, मानेतल्या गाठी काढल्या. नंतर किरणोपचार, आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. त्याआधी खराब दात काढून टाकले. नाकातून नळी होती, तिच्यातून पातळ करून जेवण द्यायचं. बहीण मिक्सरमध्ये वरणभात फिरवायची, गाळायची आणि सिरिंजनं घालायची.

ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं, म्हणजे रुग्णालयाचं मुख्य बिल भरावं लागलं नाही. आता तर योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. तरी आमचे अडीच-तीन लाख गेले. कुठे गेले? निदान होईपर्यंतच्या बाहेरच्या तपासण्या, गाडीभाडं, पावडरचं महागडं दूध, मुंबईतला मुक्काम. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून निभावलं, तिथे कॅन्सरच्या रुग्णांची सोय होते. आणि सगळ्यात मोठी रक्कम कुठल्याच पावतीवर नाही: मेहुण्याची जवळजवळ वर्षाची मजुरी आणि त्याच्यासोबत राहिलेल्या बहिणीची मजुरी. दुभती म्हैस विकली. योजना मजुरी देत नाही, आणि म्हैसही परत आणून देत नाही.

करावरचा मुद्दा. पहिली गोष्ट, महाराष्ट्रानं गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ मध्येच बंदी घातली, नंतरच्या आदेशांत मावा आणि खर्राही आला. म्हणजे दादा खातात ती पुडी कायद्यानं विकायलाच नको. ती टपरीवर मिळते हे आपल्या सगळ्यांचं दुर्दैव आहे आणि मला त्याची मनापासून चीड येते. दुसरी गोष्ट, सरकारला फायदा होतो हेही खरं नाही. एका अभ्यासाप्रमाणे २०१७-१८ मध्ये तंबाखूच्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा देशाला पडलेला भार १,७७,३४१ कोटी रुपये होता, आणि तोही फक्त पस्तिशीच्या पुढच्या लोकांचा. त्याच अभ्यासाप्रमाणे तंबाखूवरच्या उत्पादन शुल्काचे १०० रुपये आले, तर समाजावर ८१६ रुपयांचा भार पडतो. त्या ८१६ मध्ये माझ्या मेहुण्याची म्हैस आहे आणि तुमच्या दादांची मजुरी आहे. आणि माव्याची पुडी तर चोरून विकली जाते, तिच्यातून कर कुठला येणार?

अजून एक. दादांनी कधी विमा काढला तर अर्जात तंबाखूच्या रकान्यापुढे खरं लिहा. हप्ता जास्त बसतो, पण लपवलं आणि दावा अडला तर मागच्यांचे हाल होतात.

मागवाल्याची_बहीण

दाजी, तुमचा प्रतिसाद दादाला फोनवर वाचून दाखवला. म्हशीपाशी त्यानं थांबवलं आणि परत वाचायला लावलं. टपरीची उधारी मी भरतेय, वहिनीनं पुढे होऊन सांगितलं की माझी डबी पण त्याच दिवशी टाकते. सुटी शुक्रवारी आहे. कोल्हापूरला सीपीआरला, म्हणजे सरकारी रुग्णालयात न्यावं की आधी खाजगीत दाखवावं? आणि सोबत काय काय न्यायचं?

दातांचा_डॉक्टर_सातारा

सीपीआरला न्या, सरळ दंत विभागात. खाजगीत आधी पैसे घालवायचं कारण नाही. सकाळी लवकर पोचा, केसपेपरची रांग असते. दोघांचे वेगवेगळे केसपेपर काढा, वहिनींचं "मी काय फक्त सोबत आले" असं ऐकू नका. जिल्हा पातळीवर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशनही मिळतं, त्याची त्याच दिवशी चौकशी करा.

रेशनकार्ड आणि दोघांचे आधार मूळ प्रती, झेरॉक्ससह. पुढे शस्त्रक्रियेची वेळ आली तर योजनेसाठी हेच लागतात. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, अडचण आली तर त्याला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि मलमाची ट्यूबही न्या.

चट्ट्याबद्दल तुम्ही स्वतः बोला. उजव्या गालात, गोळी ठेवायच्या जागेवर, किती महिन्यांपासून, हे स्पष्ट सांगा. रुग्ण सहसा फक्त "आग होते" एवढंच सांगतो. दादांना सकाळी नीट खाऊन यायला सांगा, तुकडा त्याच दिवशी घ्यायचा ठरला तर नंतर काही तास गरम आणि तिखट चालणार नाही. आणि खिशात पुडी असेल तर ती फेकून न देता डॉक्टरांना दाखवा, म्हणजे नेमकं काय आणि केवढं खातात ते कळेल. अहवाल आला की इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.